डझनाचा भाव

महाग वस्तू विकत घेण्यात ऐट असेल. पण स्वस्त वस्तू विकत घेण्यात जे सुख आहे, ते त्या ऐटीत नाही. दहा दुकाने पालथी घालून अकराव्या दुकानात हवी ती वस्तू मनाजोग्या भावाने मिळाली, की माणूस घरी परतताना उगाचच झपाझप पावले टाकतो. आमच्या पिढीने हे सुख आपापल्या आईकडून घेतले आणि आयांनी ते आठवड्याच्या बाजारातून. कोथिंबिरीच्या जुडीबरोबर चार हिरव्या मिरच्या मागून घेणाऱ्या बाईला कुणी लोभी म्हणत नाही. संसार नेटका चालवणारी म्हणतात.

घाऊक बाजाराची रीत मात्र निराळी. तेथे जिभेची चलाखी फारशी कामी येत नाही. घाऊक व्यापारी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतो : किती? या एका प्रश्नाच्या उत्तरावर भाव ठरतो. मुंबईची अब्दुल रहमान स्ट्रीट, दिल्लीचा सदर बाजार, कोलकात्याचा बडाबाजार, हैदराबादचा बेगम बाजार, अशा ठिकाणी वाचकांनी हा अनुभव घेतला असेलच. २०२४ सालच्या डिसेंबरात मला तो परदेशात, बँकॉकच्या सांपेंग गल्लीत आला. आणि सोबत आई असल्यामुळे त्या प्रश्नाला एक असे उत्तर ऐकायला मिळाले, की ज्याची मी कल्पना केली नव्हती.

माझी आई सांगली जिल्ह्यातल्या एका गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर एकदा तरी देशाबाहेर पाऊल टाकावे आणि बुद्धाची मोठी मंदिरे पाहावीत, अशी तिची इच्छा होती. मला दिल्लीच्या कचेरीतून आठ दिवसांची रजा मिळाली आणि आम्ही दोघी निघालो. पहिले तीन दिवस देवदर्शनात गेले. वाट फो या विहारातील पहुडलेल्या बुद्धाची शेहेचाळीस मीटर लांबीची सोनेरी मूर्ती पाहून आई बराच वेळ काही बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी मात्र तिने पिशवीतून एक लहानशी वही काढली आणि म्हणाली, "आता वाणाचं बघू या."

आमच्या घरी संक्रांतीचे हळदीकुंकू दरवर्षी होते. वडील गेल्यापासून, म्हणजे २०१५ सालापासून, ते वहिनीच्या नावाने होते. वाण निवडणे, तिळाच्या वड्या थापणे, बोलावण्यांची यादी करणे, हे सारे आई करी. पण बायका येऊ लागल्या की ती आतल्या खोलीत जाऊन बसे. तिला तसे कुणी सांगितले नव्हते. न सांगताच पाळल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी ती एक होती. वहीत अठ्ठेचाळीस नावे होती. "म्हणजे चार डझन," आई म्हणाली, "पैसे माझ्या पेन्शनीतले. जपून."

वाट मंगकॉन नावाचे भुयारी रेल्वेचे स्थानक २०१९ साली सुरू झाल्यापासून या भागात जाणे सोपे झाले आहे. तेथे उतरून दक्षिणेकडे निघाले की याओवारात नावाचा रुंद, सोन्याच्या पेढ्यांनी भरलेला रस्ता लागतो आणि तो ओलांडला की सांपेंग गल्ली. १७८२ साली राजा पहिला राम याने राजधानी नदीच्या या काठावर आणली. ज्या जागी त्याला राजवाडा बांधायचा होता, तेथे चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. ती वस्ती तटाबाहेर सांपेंगला हलवण्यात आली. तेव्हापासून येथे जी खरेदी-विक्री सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही.

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला परक्या गावात पाट्या वाचण्याचा चाळा असतो. थाई लिपी मला येत नाही, पण नावांचे अर्थ विचारता विचारता मौज वाटू लागली. याओवारात म्हणजे आपला युवराज. गल्लीला छेदून जाणारा राचवोंग रस्ता म्हणजे राजवंश. त्याच्यापुढचा चक्करवात म्हणजे चक्रवर्ती. या राजेशाही रस्त्यांमधली ही अरुंद गल्ली, जिचे सरकारी नाव आहे सोई वानित, तिच्यातला वानित म्हणजे वाणिज, आपला वाणी! आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरोबर आहे. राजे येतात नि जातात, वाणी जागचा हलत नाही."

गल्लीत शिरलो आणि बोलणे बंद झाले, कारण ऐकूच येईना. तीन माणसे शेजारी शेजारी चालतील एवढीच जागा. आणि त्या जागेतून माणसे, हातगाड्या, डोक्यापर्यंत गठ्ठे लादलेल्या मोटारसायकली, सगळे एकाच वेळी जात होते. वर पत्रे नि ताडपत्र्या, त्यामुळे भर दुपारीही दिव्यांचाच उजेड. दोन्ही बाजूंना खोलवर गेलेली दुकाने. एका दुकानात नुसत्या फिती, दुसऱ्यात नुसती बटणे, तिसऱ्यात मणी, चौथ्यात केसांचे चाप, पाचव्यात कागदी पिशव्या. भाजलेल्या चेस्टनटचा खमंग वास आणि नव्या प्लॅस्टिकचा उग्र वास एकमेकांत मिसळलेला. गिऱ्हाइकांत आमच्यासारखे प्रवासी होतेच. पण खरी गर्दी लहान दुकानदारांची आणि फेरीवाल्यांची. त्यांच्या हातांत याद्या होत्या आणि पायांशी मोठमोठ्या पिशव्या.

प्रत्येक वस्तूवर दोन-तीन भाव लिहिलेले असतात. एक नग घ्याल तर एक भाव, तीन घ्याल तर दुसरा, डझन घ्याल तर तिसरा. सुटी विक्री करायला काही दुकाने तयार होतात, काही होतच नाहीत. भाषेची अडचण येत नाही, कारण सगळे बोलणे गणकयंत्रावर चालते. दुकानदारीण आकडा दाबून दाखवते. आपण आपला आकडा दाबायचा.

आईने वाण म्हणून काय काय नाकारले, त्याची यादी मोठी होईल. लाखेच्या सुबक कुंकवाच्या डब्या मला आवडल्या. ती नको म्हणाली. रंगीत बांगड्यांपुढे ती थांबलीही नाही. रेशमी फुले लावलेले केसांचे चाप डझनाला इतके स्वस्त होते, की मी पैसे काढायला निघाले. तर तिने माझा हात धरला. "अगं, हे सगळ्यांना चालायचं नाही." मला वाटले, यादीतल्या अठ्ठेचाळीस जणींपैकी कुणाच्या वयाचा किंवा आवडीचा विचार ती करीत असावी. 'सगळ्यांना' या शब्दात तिच्या मनात किती जणी होत्या, ते पुढे कळले.

अखेर राचवोंग रस्त्याच्या अलीकडे एका दुकानात तिला हवे ते सापडले. कापडी बटवे, तळहाताएवढे, वर हत्तींची रांग छापलेली, आत अस्तर आणि तोंडाला साखळी, म्हणजे आपण चेन म्हणतो ती. आईने चार बटवे उलटेपालटे केले, प्रत्येकाची चेन पाच-पाच वेळा उघडून लावून पाहिली, शिवण ओढून पाहिली. एक घेतला तर २० बाट, डझन घेतले तर १२० बाट. त्या दिवसांत एका बाटाला सुमारे अडीच रुपये पडत होते. आदल्याच दिवशी एका विहाराबाहेर असलाच बटवा आम्हांला ४० बाटांना सांगितला होता.

आईने गणकयंत्र जवळ ओढले आणि चार डझनांसाठी दर डझनाला १०० हा आकडा दाबला. दुकानदारीण हसली, मान हलवली आणि पुन्हा १२० दाबले. आई ११० वर आली. दुकानदारीण पुन्हा हसली आणि पुन्हा १२०. मग आईने ठेवणीतला डाव टाकला. बटवे खाली ठेवले, "नको तर नको" असे स्वच्छ मराठीत म्हणाली आणि चालू लागली. आमच्या गावच्या बाजारात चौथ्या पावलाला हाक येते. येथे आम्ही दहा पावले गेलो. मागे वळून पाहिले, तर दुकानदारीण दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत डझनांची पाकिटे मोजून टाकीत होती. आम्हांला परत आलेले पाहून तिला नवलही वाटले नाही, रागही आला नाही. तिने शांतपणे ६ हा आकडा दाबला आणि त्याच्यापुढे ११०. सहा डझन घ्याल तर एकशे दहा. "चारच पुरेत," आई म्हणाली. आणि या वेळी आम्ही खरोखरच निघालो.

गल्लीच्या पश्चिम टोकाला एक जुना पूल आहे, सफान हान नावाचा. तो ओलांडला की फाहुरातची कापडबाजारपेठ. राजा चुलालोंगकोर्न याची फाहुरात नावाची मुलगी १८८७ साली आठव्या वर्षी वारली. १८९८ साली राजाने बांधलेल्या या रस्त्याला तिचे नाव मिळाले. फाहुरात या शब्दाचा अर्थ दंडात घालायचा अलंकार, म्हणजे आपली वाकी. पंजाबातून गेलेल्या शीख आणि हिंदू व्यापाऱ्यांनी तेथे कापडाचा व्यापार वाढवला. गुरुद्वाराचा सोनेरी घुमट दुरून दिसतो आणि कानावर हिंदी, पंजाबी शब्द पडू लागतात. तेथल्या एका साध्या खाणावळीत आम्ही डाळ-रोटी खाल्ली. शेजारच्या बाकावर एक वृद्ध कापडव्यापारी चहा पीत होते. आईने त्यांना हिंदीत बटव्यांची कहाणी ऐकवली.

ते मनापासून हसले. "बहनजी," ते म्हणाले, "सांपेंगात भांडायचं नसतं, संख्या वाढवायची असते." मग त्यांनी त्यामागचे गणित समजावून सांगितले. घाऊक मालाला नफा नगामागे अगदी थोडा. दुकानदाराचा खरा खर्च असतो तो जागेचे भाडे, माल मोजण्याचा वेळ आणि पाकीट फोडल्यावर उरणारे सुटे नग. बाराचे बांधलेले पाकीट जसेच्या तसे गेले, तर त्याला ना मोजावे लागते, ना उरलेले सांभाळावे लागते. म्हणून डझनाला सूट, सहा डझनांना त्याहून जास्त. पण साडेपाच डझन मागाल तर तो मान हलवील. "तुम्ही कोण, कुठल्या, कशासाठी घेता, हे तो विचारत नाही. किती घेता, एवढंच विचारतो."

ते उठून गेल्यावर आई बराच वेळ चहाच्या पेल्याकडे पाहत राहिली. मग तिने वही काढली, पान उलटले आणि लिहू लागली. मला वाटले, हिशेब मांडत असेल. डोकावून पाहिले, तर नावे होती. पहिले नाव तिच्याच शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापिकांचे. दुसरे, आमच्याकडे वर्षानुवर्षे दूध घालणाऱ्या मावशींचे. तिसरे, शेजारच्या घरातल्या सुनेचे. तिचा नवरा २०२१ सालच्या साथीत गेला, तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती.

"ही कुणाची यादी?" मी विचारले.

"ज्यांना कुणीच बोलावत नाही, त्यांची," आई म्हणाली. तिने मान वर केली नाही.

गेली दोन-अडीच वर्षे ही गोष्ट तिच्या मनात घोळत असली पाहिजे. २०२२ सालच्या मे महिन्यात, आमच्या गावापासून फार दूर नसलेल्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला होता : नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे करण्यास सांगितले. आईने ती बातमी कापून पोथीत ठेवली होती. बोलली मात्र नव्हती. विधवेला पुनर्विवाहाची मुभा देणारा कायदा १८५६ सालचा. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला तो १८९६ साली. कायदा झाला, शाळा झाल्या, नोकऱ्या झाल्या. माझी आई तीस वर्षे मुलांना शिकवीत होती आणि तिच्या सहीने मुले वरच्या वर्गात जात होती. पण संक्रांतीच्या संध्याकाळी आपल्याच घराच्या दिवाणखान्यात ती बसू शकत नव्हती. काही रूढी कायद्याच्या वाटेत येत नाहीत. त्या हळदीकुंकवाच्या ताटाएवढ्या लहान असतात, म्हणून कायद्याच्या डोळ्यांना दिसत नाहीत.

यादी संपली. आईने आकडे घातले. तेवीस नावे. अठ्ठेचाळीस आणि तेवीस, एकाहत्तर.

"सहा डझनांत एक उरतो," मी म्हणाले.

"डझन मोडत नाहीत ना तिथे?" आई म्हणाली. "मग तो माझा."

पुन्हा पूल ओलांडून आम्ही गल्लीत शिरलो. दुपार कलली होती आणि काही दुकानांत माल आत घ्यायला सुरुवात झाली होती. या वेळी आईने गणकयंत्राला हातही लावला नाही. सहा बोटे दाखवली. दुकानदारीणीने सहा पाकिटे काढली, ६६० हा आकडा दाखवला आणि पैसे मोजून घेतल्यावर दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तो आपल्या नमस्कारासारखाच असतो. सुटे घेतले असते तर बाहत्तर बटव्यांना १,४४० बाट पडले असते. आमच्या पैशांत एकेक बटवा तेवीस रुपयांच्या आत पडला. आईच्या चेहऱ्यावर ते झपाझप पावले टाकणारे सुख होतेच. पण तेवढेच नव्हते.

स्वस्ताईच्या सुखाला एक काळजीही चिकटलेली असते, ती येथे नोंदवली पाहिजे. तेवीस रुपयांत कापड, अस्तर, चेन, शिलाई, वाहतूक आणि दोघा-तिघांचा नफा बसतो, तेव्हा शिवणाऱ्या हातांना काय मिळत असेल? आईनेही रात्री बटवा हातात घेऊन हाच प्रश्न विचारला होता. "शिवण सरळ आहे," ती म्हणाली, "कुणीतरी मन लावून शिवलंय." याचे उत्तर गिऱ्हाइकापाशी नसते, पण प्रश्न मनात असला म्हणजे माणूस निदान घेतलेली वस्तू फेकून देत नाही, आणि केवळ स्वस्त म्हणून नको ती वस्तू घेतही नाही.

अशा बाजारात जाणाऱ्या वाचकांसाठी अनुभवाचे दोन शब्द. यादी आणि संख्या घरूनच ठरवून न्यावी. सकाळी लवकर जावे. उन्हे चढली की गर्दीत उभे राहता येत नाही. पाकीट न फोडता घेतले तरी त्यातले दोन-चार नग तपासून पाहावेत, कारण परत येऊन बदलून घेणे प्रवाशाला जमत नाही. हलक्या वस्तू घ्याव्यात, नाहीतर वाचवलेले पैसे विमानात जादा वजनासाठी भरावे लागतात. बड्या कंपन्यांच्या नावांची नक्कल असलेला माल घेऊ नये. आणि हे ध्यानात ठेवावे, की विक्रीसाठी नेलेला माल प्रवाशाच्या स्वतःच्या सामानात धरला जात नाही. सीमाशुल्काची सवलत घरच्या वापराच्या आणि भेटीच्या वस्तूंना असते. पावती जवळ ठेवलेली बरी.

२०२५ साली संक्रांत १४ जानेवारीला होती. बाहत्तर बटव्यांत आईने एकेक रुपयाचे नाणे घातले होते, कारण रिकामा बटवा कुणाला देऊ नये. वहिनीला तिने सारे आधीच सांगितले होते. वहिनी एवढेच म्हणाली, "आई, मग यंदा तुम्ही पुढे बसा." वहिनी हळदकुंकू लावीत होती आणि आई तिच्या शेजारी बसून वाण नि तिळगूळ देत होती. दुसऱ्या यादीतली बाई आली, की आई आधी हळू आवाजात विचारी, "लावू दे ना हिला?" काही जणी हो म्हणाल्या. काही जणींनी नुसती हळद लावून घेतली. दूधवाल्या मावशी उंबऱ्याशीच थांबल्या होत्या. आई उठून गेली आणि त्यांच्या हाताला धरून आत घेऊन आली. तेवीस जणींपैकी एकोणीस आल्या. पहिल्या यादीतल्या दोघी-तिघी काही न बोलता वाण घेऊन लवकर उठल्या, हेही सांगायला हवे. एका संध्याकाळीत गाव बदलत नाही. पण शेजारची ती तरुण सून बटवा उघडून त्यातले नाणे पाहत, इतर बायकांच्या मध्ये, बराच वेळ बसली होती.

न आलेल्या चौघींचे बटवे रथसप्तमीच्या आत आईने स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिले. बाहत्तरांतला जो एक घरी राहिला, त्यात ती आता कपाटाची किल्ली ठेवते.

मी दिल्लीला परतायला निघाले, तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या वर्षीच्या वाणासाठी सदर बाजारात भाव काढून ठेव."

"किती डझनांचा?"

"आठ धर," आई म्हणाली.